उमेदवार हयात आहे का?

गोकुळ दर्शन सोसायटीतल्या कृष्णा धुरींना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता! हे मत अर्थात त्यांचं स्वतःचंच. पण ते इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्याने सांगायचे की तुळिंजच्या त्या अख्ख्या गल्लीला पाठ झालं होतं.

“एकतीस वर्षं औषधाच्या कंपनीत स्टोअर सांभाळलं,” जिन्यात गाठ पडेल त्याला ते ऐकवायचे. “एक गोळी इकडची तिकडे झाली नाही. मला कोण फसवणार?”

आतली गोष्ट वेगळी होती. शेजारच्या इमारतीतल्या एका निवृत्त मास्तरांना खोट्या पोलिसांनी दोन दिवस मोबाइलसमोर बसवून ठेवलं होतं. जेवायला उठायचीसुद्धा परवानगी नाही! मास्तर सुटले, पण धुरी अडकले. तेव्हापासून अनोळखी नंबर वाजला की ते फोन हातभर लांब धरायचे. सोसायटीत सायबर पोलिसांचं शिबिर झालं, तेव्हा ते पहिल्या रांगेत बसले आणि वहीभर टिपणं काढली. पहिलंच वाक्य होतं, ‘ते आधी मुलांचं नाव घेतात.’

आणि धुरींना मूल एकच. ज्ञानदा.

ज्ञानदा एम.फार्म. झालेली. पालघरजवळच्या एका कारखान्यात औषधं तपासायच्या प्रयोगशाळेत चार वर्षं काम करत होती. गेल्या महिन्यात तिला एका परदेशी कंपनीची ऑफर आली. जगभरातून औषधांच्या दुष्परिणामांच्या तक्रारी यायच्या, त्या हिने वाचायच्या, तपासायच्या, नोंदवायच्या.

“म्हणजे तिकडे कुणाला पुरळ उठलं की ते तू इकडे लिहून घ्यायचं?”

“साधारण तसंच, बाबा. तिकडे माणसं कमी करतायत आणि ते काम इकडे धाडतायत. आमच्या क्षेत्रात सध्या हेच चाललंय. हैदराबाद म्हणा, पुणं म्हणा, नुसती भरती! पण वारा फिरला की एका मेलवर सगळं बंद. माझ्या बॅचच्या दोघींची ऑफर रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात रद्द झाली.”

धुरींना ऐकूनच धडकी भरली. त्यांची स्वतःची भरती चार मिनिटांत झाली होती. साहेबाने नाव विचारलं, गाव विचारलं, “कुडाळचा? मग ये उद्यापासून,” म्हणाला. संपलं!

“या शुक्रवारी संध्याकाळी पाचला त्यांची भरती थांबतेय,” ज्ञानदा म्हणाली. “त्याच्या आत माझं बीजीव्ही क्लिअर झालं पाहिजे. नाहीतर गेलं सगळं.”

“होऊ दे, होऊ दे,” धुरी जाणत्यासारखे म्हणाले. बीजीव्ही म्हणजे काय, हे पोटच्या पोरीला विचारणं एकतीस वर्षांच्या अनुभवाला शोभलं नसतं. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं, “तिला लस टोचणार आहेत. बीसीजीची बहीण दिसतेय.”

बीजीव्ही म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. उमेदवाराने दिलेला पत्ता खरा आहे का, तो तिथे राहतो का, याची कंपनीने माणूस लावून केलेली चौकशी. हे धुरींना कळलं, पण बुधवारी दुपारी. आणि घोळ सुरू झाला मंगळवारी सकाळी.

फोन वाजला. अनोळखी नंबर.

“कृष्णा धुरीजी बोल रहे हैं?” बाईचा आवाज साखरेच्या पाकासारखा. “ज्ञानदा धुरी आपकी बेटी हैं?”

धुरींच्या पाठीतून कुल्फी सरकत गेली. वहीतलं पहिलं वाक्य!

“मेरी कोई बेटी नहीं है!”

आशालताबाईंच्या हातून झारा पडला.

“सर, हमारे फॉर्म में तो...”

“फॉर्म झूठा है!”

“पर आप इसी पते पर रहते हैं ना?”

“हम यहाँ नहीं रहते!”

“फिर कहाँ रहते हैं, सर?”

“कहीं पे नहीं रहते!”

धुरींनी फोन बंद केला आणि जादा खबरदारी म्हणून तांदळाच्या डब्यात खुपसला. चेहरा गड जिंकल्यासारखा!

“अहो, धडधाकट पोरगी असताना नाही म्हणता?” आशालताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. “वास्तू तथास्तु म्हणत असते!”

“अगं, टोळी आहे ती! आणि ज्ञानदाला एक अक्षर सांगू नकोस. पोर आधीच काळजीत आहे.”

दुपारी फोन तांदळातून बाहेर काढून त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश टाकला. ‘माझ्या मुलीचं नाव घेऊन कुणी चौकशीला आल्यास ओळख देऊ नये. टोळी सक्रिय आहे!’ सेक्रेटरी बॅप्टिस्टने लगेच खाली अंगठ्याचं चिन्ह टाकलं. ज्ञानदाने तो ग्रुप दोन वर्षांपूर्वीच म्यूट केला होता.

आता, फोनवर खात्री पटली नाही की या चौकशीवाल्या कंपन्या माणूस घरी पाठवतात. बुधवारी दुपारी बाराच्या सुमाराला तो आला. सिद्धेश त्याचं नाव, राहणार आगाशी, गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक. फाटकाचा फोटो काढून त्याने तळमजल्यावरचं पहिलं दार वाजवलं. ते बॅप्टिस्टचं. दारात आली त्याची बायको रिटा.

या रिटाला खोटं बोलता येत नसे. खोटं तिच्या घशात मासळीच्या काट्यासारखं अडकायचं.

“ज्ञानदा धुरी इथेच राहतात का?”

रिटाला दरदरून घाम फुटला. नाही म्हणावं तर पाप, हो म्हणावं तर धुरींचं घर धुऊन नेणार! तिने मधली वाट काढली.

“गेली ती,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

सिद्धेशचा मोबाइलवरचा अंगठा थांबला. “गेल्या? कधी?”

“आज सकाळी. सव्वासातला.”

“आजच? अरे देवा! कशाने?”

“बसने.”

“बसने? कुठे?”

“इथेच. नाक्यावर.” रिटाने गळ्यातला क्रूस घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले. “जेजूची शपथ, आणखी काही विचारू नको रे बाबा!” आणि तिने दार लावून घेतलं.

सिद्धेश पायरीवरच बसला. दिवसाला चौदा घरं फिरायचा तो, पण असं कधी झालं नव्हतं. मोबाइलच्या फॉर्मवर पर्याय होते. राहतो, राहत नाही, स्थलांतरित, मृत. जड बोटाने त्याने शेवटचा दाबला. फॉर्म गेला! मग त्याच्या मनात आलं, इथवर आलोय, तर आईवडिलांना भेटून न जाणं बरं दिसत नाही.

तिसऱ्या मजल्यावर बेल वाजली. धुरींनी दाराच्या भिंगातून पाहिलं. अनोळखी माणूस!

“कोण पाहिजे?”

“काका, मी सिद्धेश. ज्ञानदा मॅडमचं कळलं. फार वाईट झालं.”

“काय झालं?”

“तुम्हाला अजून कुणी सांगितलं नाही?” मग दबलेला आवाज. “नाक्यावर, काका. बसने. सव्वासातला.”

धुरींनी कडी दोन्ही हातांनी धरली. बुद्धी सांगत होती, ही टोळीच आहे. वहीत दुसरंच वाक्य होतं, ‘मग अपघात झाल्याचं सांगतात.’ पण सव्वासातची कंपनीची बस? ती तर खरीच होती! त्यांनीच सकाळी खिडकीतून हात केला होता.

त्यांनी ज्ञानदाला फोन लावला. बंद. प्रयोगशाळेत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, हे त्यांना चार वर्षं माहीत होतं. माहीत असून उपयोग काय? पुन्हा लावला. बंद. अकरा वेळा लावला. अकराही वेळा ती बाई तेच म्हणाली.

आशालताबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. आरडाओरडा नाही, रडणं नाही. नुसतं एवढंच म्हणाल्या, “काल तुम्ही नाही म्हणालात.”

धुरींनी बॅप्टिस्टला फोन केला. बॅप्टिस्ट आणि वॉचमन धावत वर आले, सिद्धेशला दोन्ही दंडांना धरून खाली नेलं आणि सोसायटीच्या ऑफिसात कोंडलं.

“केला का पोलिसांना फोन?” बॅप्टिस्ट विजयी मुद्रेने उभा. धुरी जिना उतरून आले ते अनवाणी. शर्टाची बटणं एक घर चुकलेली. त्यांनी ऑफिसचं दार उघडायला लावलं आणि सरळ सिद्धेशसमोर हात जोडले.

“बाळा, तू चोर आहेस ना रे?”

“नाही, काका!”

“असं नको म्हणूस! चोर आहेस म्हण. फसवायलाच आलायस ना? हो म्हण. मी पोलिसांना बोलावत नाही. पाहिजे तर चहा पाजतो, पण एकदा हो म्हण!”

“काका, मी चोर नाही,” सिद्धेश रडकुंडीला आला. “मी एम.एस्सी. बायोटेक आहे!”

बॅप्टिस्टने वेळेवर धुरींखाली खुर्ची सरकवली.

“मग तुला कुणी सांगितलं?” धुरींचा आवाज विहिरीतून आल्यासारखा.

“तळमजल्यावरच्या आंटींनी.”

रिटाला बोलावलं. ती पदराने डोळे पुसतच आली.

“मी? मी कुठे म्हटलं असं? मी म्हटलं बसने गेली! कामावर! रोज जाते तशी!”

धुरींच्या तोंडून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की रडण्याचा, हे अजून सोसायटीत ठरलेलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. ज्ञानदा! जेवणाच्या सुट्टीत तिने लॉकर उघडला होता.

“बाबा, अकरा मिस्ड कॉल? आणि मला कंपनीची मेल आलीय. ‘प्रिय ज्ञानदा, आपल्या निधनाचे वृत्त समजून अतीव दुःख झाले. आपली ऑफर रद्द करण्यात येत आहे.’ बाबा, मी कधी मेले?”

“बोल,” धुरी म्हणाले. “काहीही बोल. शिव्या दे. बोलत राहा.”

शिव्या तिने नंतर दिल्या, सगळं कळल्यावर. त्यात त्रुटी राहू दिली नाही.

पण खरी भीती पुढेच होती. सिद्धेशने त्याच्या वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, मृत उमेदवाराचा फॉर्म पुन्हा उघडायची सोय सिस्टीममध्ये नाही, कारण आजवर तशी गरज पडली नव्हती! नवीन तपासणी करावी लागेल. उमेदवार स्वतः दारात उभी, हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र, सोबत वडिलांचं लेखी निवेदन. आणि मुदत शुक्रवारी पाच.

गुरुवारी ज्ञानदा रजा टाकून दारात उभी राहिली. वर्तमानपत्र छातीशी, चेहरा पोलिसांनी पकडून आणल्यासारखा. सिद्धेशने फोटो काढला. धुरींनी निवेदन लिहिलं, ‘ही माझी मुलगी असून हयात आहे.’

सिद्धेशने कागद पाहिला आणि मान खाजवली. “काका, एक अडचण आहे. मंगळवारच्या फोनचं रेकॉर्डिंग ऑफिसात आहे. त्यात तुम्ही म्हणालात, तुम्हाला मुलगीच नाही. आणि तुम्ही इथे राहतही नाही. मग हे लिहून देणारे तुम्ही कोण?”

धुरींनी कपाट उपसलं! जन्माचा दाखला, रेशनकार्ड, बालवाडीचं प्रगतिपुस्तक, बारशाचा फोटो, सगळं सिद्धेशसमोर मांडलं. बाप असल्याचा पुरावा देताना त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे होते.

सिद्धेश एकेक कागद टिपत होता, तेव्हा आशालताबाईंनी त्याच्यासमोर पोहे ठेवले.

“एवढा शिकलेला तू,” त्यांनी विचारलं, “मग हे दारोदार कशाला?”

“भरती सगळीकडे आहे, काकू. पण त्यांना अनुभवी माणसं लागतात. अनुभव कुठे मिळतो, ते कुणी सांगत नाही.” तो खाली बघून हसला. “मॅडमच्या याच कंपनीत मी तीनदा अर्ज केला. उत्तरसुद्धा आलं नाही. तोवर दुसऱ्यांच्या नोकऱ्या तपासतो.”

काल याच मुलाला आपण चोर हो म्हणून विनवत होतो, हे आठवून धुरींनी आपल्या वाटचे पोहेही त्याच्याकडे सरकवले. ज्ञानदाने त्याचा बायोडाटा मागून घेतला आणि तिथल्या तिथे कंपनीला पाठवला.

शुक्रवारी ज्ञानदाने अर्धी रजा घेतली. चार वाजले. साडेचार वाजले. रिटा आणि बॅप्टिस्ट येऊन बसले. रिटा जपमाळ ओढत होती, कारण तिच्या मते ही हत्या तिच्याच हातून झाली होती. पाचला दहा मिनिटं कमी असताना ज्ञानदाच्या फोनवर टिंग झालं.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

“पत्ता बरोबर. उमेदवार हयात. ऑफर कायम!”

मग काय! आशालताबाईंनी साखर वाटली, बॅप्टिस्टने धुरींना मिठी मारली. खाली दुसरी मेल होती. सिद्धेशच्या अर्जाला कंपनीने प्रथमच उत्तर दिलं होतं, भरती पुन्हा सुरू झाली की कळवू. वाऱ्याचा भरवसा नाही, पण उत्तर तर आलं!

ज्ञानदा लगेच रुजू व्हायचा फॉर्म भरायला बसली. एका रकान्यापाशी ती थांबली. आपत्कालीन संपर्क. धुरींनी शर्ट सारखा केला, घसा साफ केला आणि आपला नंबर सांगायला सुरुवात केली.

“नऊ, आठ, दोन...”

ज्ञानदाने तोवर टाइप केलं होतं. रिटा. नातं, शेजारीण.

“अगं, रिटा?” धुरी उडालेच. “तिने तर तुला मारलं!”

“मारलं, बाबा. पण त्यासाठी मी होते, हे तरी तिने मान्य केलं! तुम्ही तर मला जन्मालाच घातलं नव्हतं.”

धुरींनी तोंडातली साखर निमूट चघळली.