शिरसाठांचा पिवळा दिवा

आमच्या वरच्या मजल्यावरचे शिरसाठ कुणाकडे जाताना मिठाई नेत नाहीत, स्कॅनर नेतात. काडेपेटीहून जरा मोठं यंत्र. स्टिअरिंगखाली खोचलं की मोबाइलवर गाडीच्या दुखण्याचा कोड उमटतो. सोसायटीत कुणाच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागल्याचं कानावर पडायचा अवकाश, शिरसाठ बनियनवर पार्किंगमध्ये हजर. आमंत्रणाची गरज नाही.

"दिवा पुसू नका, रोग बघा," हे त्यांचं ब्रीद. गॅरेजवाले कोड पुसून टाकतात, दिवा विझतो, मालक खूश होतो आणि आठवड्यानं दिवा पुन्हा लागतो, यावर ते तासभर बोलू शकतात. बोलतातही.

नोकरी विमा कंपनीची. ठोकलेल्या गाड्या तपासायचे. गाडी झाडावर आदळली म्हणणाऱ्याला "मग बंपरला झाडाची साल कशी नाही?" असं विचारण्यात जन्म गेला. निवृत्तीनंतर गाड्या संपल्या, संशय तेवढा उरला.

माझ्या डिझेल गाडीचा दिवा लागला तेव्हा मीही सापडलो. यंत्र खोचून ते म्हणाले, "व्हॉल्व्ह काजळीनं चिकटलाय. देवरे, तुम्ही गाडी चालवत नाही, नुसती हलवता. डिझेलला लांबचा रस्ता लागतो. गल्लीत फिरवाल तर धुराची जाळी तुंबेल." बायको शेजारीच उभी होती. तिला हे निदान फार आवडलं. तेव्हापासून मी सोफ्यावर आडवा झालो की ती "काजळी" एवढंच म्हणते.

आणि हाच उपदेशक स्वतः काय करतो? कोपऱ्यावर दूध आणायला गाडी. इस्त्रीवाल्याकडे गाडी. इस्त्रीवाला तर आमच्या गेटला टेकून बसतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! मी हे चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

त्यांचं खरं वाटोळं झालं ते मागच्या दिवाळीच्या पाडव्याला. पुण्याहून मुलगी शुभांगी, जावई आणि व्याही फराळाला आले. जावई सहज बोलून गेला, "मध्ये दिवा लागला होता, पण आता गेलाय." झालं. हातातली चकली ठेवून शिरसाठ खाली. मागोमाग सगळं घर खाली.

कोड पुसल्यापासून गाडी किती चालली, हेही ते यंत्र सांगतं. शिरसाठांनी आकडा वाचला आणि मान वर केली. पुण्याहून नाशकापर्यंत, तेवढीच.

"म्हणजे आज सकाळी कोड पुसून निघालात. आजार लपवून माझ्या मुलीला घाटातून आणलंत?"

"पप्पा, गॅरेजवाल्यानं पुसला. किरकोळ होतं," जावई म्हणाला.

"किरकोळ होतं तर पुसलं कशाला?"

शुभांगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "पप्पा, काढा ते यंत्र." त्यावर हा गृहस्थ म्हणतो, "थांब गं, अजून एक कोड येतोय."

व्याही म्हणाले, "आम्ही फराळाला आलो होतो, पंचनाम्याला नाही." सगळे गाडीत बसले. जाताना शुभांगीनं काच खाली केली. "माफी मागायची तर पुण्याला येऊन मागा. फोनवर नको."

आम्ही सगळे गॅलरीतून बघत होतो. आमच्या सोसायटीत मीटिंगला माणूस मिळत नाही, पण भांडणाला गॅलऱ्या भरतात. रात्रीपर्यंत प्रत्येक घरात शिरसाठांचा कोड काढून झाला होता. त्यानंतर मुलगी आली नाही आणि हेही गेले नाहीत.

परवाच्या रविवारी त्यांनी बेल वाजवली. अंगात चक्क इस्त्रीचा शर्ट. "चला देवरे. माझ्या गाडीची जाळी तुंबलीय, दिवा लागलाय. हायवेला पळवून काजळी जाळून येऊ."

तुंबणारच, असं मनात म्हणत मी बसलो. नाशिकरोड सोडलं, घाट चढला, सिन्नर मागे पडलं. शिरसाठ डॅशबोर्डवरून नजर काढत नव्हते. मी सहज मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर स्टीलचा डबा होता, त्याला सीटबेल्ट लावलेला. झाकणाला पोचा. तो पोचा माझ्या चांगला ओळखीचा. दर महिन्याला हा डबा शिरसाठवहिनी लाडू भरून आमच्याकडे आणून देतात. वहिनींना माझं फार कौतुक, असं मी बायकोला ऐकवत आलो होतो.

नांदूर शिंगोटेच्या अलीकडे दिवा विझला. "गेला," शिरसाठ म्हणाले आणि पुढच्या वळणावर त्यांनी गाडी परत फिरवली.

"अहो, पुण्याचाच रस्ता आहे हा. चला की तसेच पुढे."

"गाडीचं काम झालं."

"आणि तुमचं?"

त्यांनी गिअर बदलला. सिन्नर परत आलं तेव्हा म्हणाले, "तिनं दार उघडलं तर बोलू काय? जन्मभर लोकांच्या चुका काढल्या हो मी. आपली चूक कबूल कशी करतात, ते नाय जमत. दर वेळी ठरवून निघतो, की दिवा जळत राहिला तर थेट पुणं गाठायचं. तो मेला इथंच विझतो."

दुधाला गाडी का आणि इस्त्रीवाल्याकडे गाडी का, ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. गल्लीत फिरवून जाळी तुंबली आणि दिवा लागला, की या माणसाला पुण्याच्या रस्त्याला लागायला कारण मिळत होतं. त्याच्याशिवाय त्या रस्त्याला लागण्याचं धैर्य नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं.

संध्याकाळी वहिनी दारात आल्या, हातात तोच डबा. "बेसनाचे आहेत. शुभांगीला आवडतात," त्या म्हणाल्या आणि मग जरा थांबून विचारलं, "दिवा गेला का गाडीचा?"

"गेला, वहिनी."

"पुढे नाहीच गेले ना?"

मी मान हलवली. एरवी मी "कशाला उगाच" म्हणत डबा घेतो. या वेळी नुसता दोन्ही हातांनी धरला. वर जिन्यात शिरसाठांच्या किल्ल्या वाजल्या. "घरात दूध भरपूर आहे, तरी गाडी घेऊन दूध आणायला निघालेत," वहिनी म्हणाल्या.