नामाजीभाऊंचं कोंड्याचं कुत्रं

यंदा आमच्या शेजारच्या नामाजीभाऊंनी दाराशी साखळीने कोंड्याचं पोतं बांधून ठेवलं होतं. पोत्याच्या गळ्यात पट्टासुद्धा होता.

कुठलीही वस्तू घरात आणण्याआधी तिच्या जागी भलतंच काहीतरी ठेवायचं आणि महिनाभर त्याच्यासोबत राहून पाहायचं, ही त्यांची जुनी खोड. फ्रिज घेण्याआधी त्यांनी स्वयंपाकघरात लाकडी पेटी उभी केली होती. तिच्यावर दोनदा डोकं आपटलं, म्हणून फ्रिज दुसऱ्या भिंतीला लागला. "पयले वागवून पाहू," हा त्यांचा मंत्र.

या वेळी वस्तू होती कुत्रा. बायको वत्सलाबाई गेल्यापासून भाऊ एकटेच. त्यांची लेक नागपूरला असते. तिने फोनवर बजावलं होतं, "बाबा, मी पोळ्याले येतो. तवापर्यंत घरात कुत्रा पायजे, नाईतर सामान बांधा अन् चला माह्यासंग." भाऊंना आपलं घर सोडायचं नव्हतं. प्रश्न एवढाच होता की कुत्रा कोणता? जावयाच्या ओळखीत वासराएवढा ग्रेट डेन मिळत होता. ब्रह्मपुरीत एकाकडे पामेरियनचं पिल्लू होतं.

म्हणून मोठ्याच्या जागी दाराशी पोतं आणि लहान्याच्या जागी घरात चिंध्यांचं एक छोटं गाठोडं. जन्मभर राईस मिलमध्ये काम केलेला माणूस, कोंडा नेमका कुत्र्याच्या वजनाचा भरला होता.

"बाई, याच्या बाजूनं निघून पाहा बरं," ते मला म्हणाले. मी निघाले आणि साखळीत पाय अडकून पडता पडता वाचले. भाऊंनी समाधानाने मान हलवली. "मीबी सकाऊन असाच पडलो."

गावाने अर्थातच सल्ले दिले. तलावाच्या पाळीवर बिबट येतो, त्यामुळे सगळ्यांचं मत मोठ्याला होतं. लहान म्हणजे बिबटाचा नाश्ता, असं कोणीतरी म्हणालं. भाऊ शांतपणे म्हणाले, "अन् मोठा म्हंजे जेवन. बिबटाचं पोट पाहून कुत्रा घेऊ का मी?"

भाऊंची आणखी एक गोष्ट मला हसू आणायची. रोज सकाळी ते माझ्या कोंबड्यांना वाटीभर शिळा भात आणून घालत. जन्म धानात गेला आणि या माणसाला एकट्याच्या भाताचा अंदाज येत नाही, असं मी घरी सगळ्यांना सांगत असे.

पोळा चार दिवसांवर आला तेव्हा संध्याकाळी मी थोडा कोंडा मागायला गेले. भाऊ जेवायला बसले होते. शेजारी भाताचा गंज, म्हणजे पातेलं, समोर गाठोडं आणि गाठोड्यापुढे वत्सलाबाईंची पितळी वाटी, भाताने भरलेली. भाऊ त्याला सांगत होते, "आज वरनात मीठ जास्त झालं. सांभाळून घे."

मला पाहून ते जरा ओशाळले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "भाऊ, एकट्यापुरता भात मांडता येत नाही का हो?"

"येते ना. एक दिवस मांडला होता. गंजाच्या बुडालेबी पुरला नाई. पाहूनच जेवा वाटलं नाई मले." त्यांनी वाटी गाठोड्याजवळ सरकवली. "ते माही घरवाली चिमनीवानी खाये, बाई. येवढीच वाटी. आता मोठा कुत्रा आनला त त्याच्यासाठी येगळा भात मांडा लागते. लहान्याले हे बराबर पुरते. महिनाभर पाह्यलं मी."

महिनाभर मी पोत्यालाच हसत होते. माझी मलाच लाज वाटली. कोंडा न मागताच मी परत आले.

पोळ्याला लेक आली. चुलीजवळ पांढरं पिल्लू पितळी वाटीत तोंड घालून बसलं होतं. ती वाटीकडे पाहत राहिली आणि सामानाचं नाव न काढता परत गेली.

पिल्लू आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझ्या कोंबड्यांचा भात बंद झाला. त्या अजून सकाळी भाऊंच्या दाराशी जाऊन उभ्या राहतात. मी त्यांना हाकलून आणते.