शोकाकुल परिवार, पुढे चालू

सासऱ्यांच्या अंत्यविधीची पुस्तिका आपणच करून द्यायची, आणि तीही फुकट, असं एबो क्वान्साने ठरवलं तेव्हा त्याला वाटलं, संपला एकदाचा आपला वनवास.

वनवास म्हणजे असा. सेकोंडीच्या बाजार रस्त्यावर घराच्या पुढच्याच खोलीत एबोचं छपाईचं दुकान होतं. चार माणसांना पोटाला पुरेल इतकं चालायचं. पण सासूबाईंना जावई हवा होता तो रेल्वेत नाहीतर बंदरावर. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी चारचौघांत त्या त्याची ओळख करून देत ती 'आमच्या एफुआचा तो छपाईवाला' अशी. 'जावई' हा शब्द त्यांनी धाकट्या मुलीच्या नवऱ्यासाठी राखून ठेवला होता. तो कस्टममध्ये होता. (काय करायचा तिथे, ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. पण गणवेश होता.)

आता अंत्यविधीची पुस्तिका म्हणजे काही साधं प्रकरण नव्हे. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर रेल्वेगार्डची टोपी घातलेले सासरे, आत जीवनचरित्र, आणि शेवटी शोकाकुल परिवाराची यादी. मांडवात लोक तिने वारा घेतात आणि नंतर घरी नेऊन काचेच्या कपाटात कपबशांशेजारी ठेवतात. अशा पुस्तिकेत 'जावई: एबो क्वान्सा' असं एकदा छापून आलं, की ते सासूबाईंच्या बापालाही खोडता येणार नव्हतं. एबोला एवढंच हवं होतं, आणि फार हवं होतं.

कुटुंबप्रमुख एसिलफीकाकांनी नावांचे कागद पाठवले. वर निरोप, "जावयांची नावं तुझी तू घाल." एबो टाइप करायला बसला. बायको, मुलं, भाऊबहिणी, भाचे, नातवंडं अशी मुंगीएवढ्या अक्षरांत दोन पानं भरली. जावयांत कस्टमवाल्याचं नाव टाकलं आणि आपलं टाकायला घेतलं, तोच दिवे गेले. आले तेव्हा संगणकाने 'फाइल वाचवली आहे' असं सांगितलं. एबोने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो जेवायला गेला.

केंकी-मासळीचा दुसरा घास घेतो न घेतो तोच आराबाआत्यांचा फोन आला. सासऱ्यांची ही थोरली बहीण.

"एबो, माझं नाव घातलंस ना रे?"

"घातलंय आत्या."

"डोळ्यांनी बघून सांग. गेल्या वेळी क्वेसीच्या पुस्तिकेत मला गाळलं होतं. मी मांडवात पाऊल ठेवलं नाही, माहीत आहे ना?"

एबो हात धुऊन उठला. शोधाच्या चौकटीत आत्यांचं नाव टाकलं. संगणक म्हणाला, 'सापडले नाही.'

खरी गोष्ट अशी होती की त्याच दिवशी सकाळी एबोने एका हॉटेलच्या मेनूकार्डातली ठळक अक्षरं शोधून तांबडी केली होती. त्या कामासाठी 'फक्त ठळक अक्षरांत शोधा' अशी खूण केली होती, ती तशीच राहिली होती. हे सॉफ्टवेअर अशा खुणा इमानाने लक्षात ठेवतं आणि इतक्याच इमानाने कुणाला सांगत नाही. परिवाराची नावं साध्या अक्षरांत होती. एबोला यातलं काहीच आठवलं नाही. दिव्यांनी नाव खाल्लं, असं त्याने ठरवून टाकलं.

आत्यांचं एकट्यांचं असतं तर भागलं असतं. पण आत्यांनी ही बातमी बहिणीला सांगितली, बहिणीने भाच्यांना. फोनला मग उसंत नाही. मुखपृष्ठ कसं झालंय, हे एकानेही विचारलं नाही. प्रत्येकाला आपलं नाव तेवढं पाहिजे. आणि एबो ज्याचं त्याचं नाव शोधी, तर 'सापडले नाही.' टेमाचा भाचा नाही, कस्टमवाला साडू नाही, एवढंच काय, खुद्द सासूबाई नाहीत! अख्खी यादीच गेली म्हणायची. त्याने एक नवं पान घेतलं, वर 'शोकाकुल परिवार (पुढे चालू)' लिहिलं, आणि विधवेपासून सुरुवात करून सगळी नावं पुन्हा भरायला घेतली.

एफुआ हातात झारा घेऊन आली आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघू लागली.

"अरे, हे काय? आई इथे आहे की मागच्या पानावर. आत्याही आहे."

"ते दिसतंय तुला."

"दिसतंय म्हणजे आहेच ना!"

"एफुआ, तू मासे तळ. पडद्यावर दिसतं ते सगळं आत असतंच असं नाही. दिवे गेले की नुसती सावली उरते. मशीन नाही म्हणतंय म्हणजे कागदावर उमटायचं नाही."

"माझ्या आईची सावली?"

"तांत्रिक बाब आहे."

"मग तुझं ते मशीन बिघडलं असेल. स्वतःचं नाव शोधून बघ बरं."

ही सूचना एबोला पटली. त्याने 'एबो क्वान्सा' असं टाकलं आणि बटण दाबलं. 'सापडले!'

एबोची छाती फुगली. "बघितलंस? शोध ठणठणीत आहे. माझं नाव तेवढं वाचलंय, ते पुन्हा घालायला नको." संगणक म्हातारा होता, पान उलटायला वेळ घ्यायचा. तेवढी वाट न बघता एबोने चौकट बंद केली. जावयांच्या रांगेत आपण बसलोय याचा त्याला इतका आनंद झाला होता की कुठे बसलोय हे बघायचं त्याला सुचलंच नाही.

"कर तुझ्या मनाचं," एफुआ म्हणाली. मासे करपायला लागले होते.

शनिवारी मांडव गच्च भरला. काळीतांबडी वस्त्रं, प्लास्टिकच्या खुर्च्या, कर्णे, आणि प्रत्येक हातात वारा घालणारे सासरे. माइकवाल्याने पुस्तिका उघडली आणि आपल्या घनगंभीर आवाजात वाचायला घेतली.

"मागे राहिलेली पत्नी, मादाम एकुआ आर्हिन. मुलं..." सगळं यथासांग झालं. मग त्याने पान उलटलं. "पुढे चालू. मागे राहिलेली पत्नी, मादाम एकुआ आर्हिन. मुलं..."

मांडवात कुजबुज उठली. मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "दोन बायका? आणि दोघी एकुआ? गार्ड माणूस, प्रत्येक टोकाला एक घर असणारच." टाकोराडीहून आलेले पाहुणे मात्र मुलांची संख्या ऐकून भारावले आणि आणखी मोठ्याने रडू लागले.

एसिलफीकाकांनी त्याला बोटाने बोलावून घेतलं.

"हे काय करून ठेवलंस?"

"काका, मशीनने सांगितलं, नावं नाहीत."

"आहेत. सगळे आहेत, दोन-दोनदा आहेत. आत्या दोनदा रुसायला मोकळी झाली. पण एक सांग, तू कुठे आहेस?"

एबोने पुस्तिका घेतली. जावई: कस्टमवाला. पुढचं पान. जावई: कस्टमवाला. दोन्हीकडे तो एकटाच ऐसपैस बसला होता. एफुआने पुस्तिका काढून घेतली, उलटी केली आणि मागच्या आवरणाच्या तळाशी बोट ठेवलं. प्रत्येक कामावर एबो तिथे न चुकता एक ओळ टाकायचा. अख्ख्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत होती ती तेवढी एकच ओळ.

माइकवाल्याने ती सोडली नाही. "आणि छपाई," तो त्याच घनगंभीर आवाजात म्हणाला, "एबो क्वान्सा, बाजार रस्ता. लग्नपत्रिका व हॉटेलची मेनूकार्डं माफक दरात."

एबोला वाटलं, सासऱ्यांना जरा सरकायला सांगावं आणि शेजारी आडवं व्हावं. वाईट त्याला खरंच वाटलं, रडू यायच्या बेतात होतं. पण मांडवात सगळेच रडत होते, त्यामुळे त्याचं कुणाला वेगळं दिसलं नसतं.

तो सासूबाईंची क्षमा मागायला गेला तेव्हा टाकोराडीच्या एक पाहुण्या त्यांचं सांत्वन करत होत्या. "यादीत जरा गोंधळच झाला, नाही का हो?"

"काय सांगू तुम्हाला," सासूबाईंनी डोळे पुसले आणि समोर उभ्या असलेल्या एबोकडे हात केला. "काम बाहेरच्या माणसाला दिलं ना. घरचा जावई असता तर असं झालं नसतं."