काचेसारखं, पण काच नव्हे

लोणावळ्यात चिक्की घेतली की लोक ती तोंडात टाकतात. आमचे त्र्यंबक मास्तर ती आधी कानाशी नेऊन मोडत. टक् असा आवाज आला की डोळे मिटून थोडा विचार करत, मोडलेल्या कडेवरून बोट फिरवत आणि दुकानदाराला निकाल सांगत, "मोडते व्हिट्रिअस. पण दाताला चिकटते. सारखं म्हणजे तेच नव्हे."

दुकानदार म्हणे, "बरं मास्तर. पावशेर बांधू का अर्धा शेर?"

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मी तिथल्या हायस्कुलात गणित शिकवायला नुकताच लागलो होतो. मास्तर इंग्रजी शिकवत. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि कोटाच्या खिशात खंडाळ्याच्या घाटातून उचलून आणलेली एक गारगोटी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीच्या दारात अडवलं.

"गणितवाले, व्हिट्रिअस म्हणजे काय?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"छान. मान हलवली नाहीत. या, बसा."

मग त्यांनी मला तो शब्द सांगितला. इंग्रजीतलं विशेषण, अर्थ काचेसारखं. लॅटिनमध्ये काचेला व्हिट्रम म्हणतात, त्यावरून आलेलं. गारगोटीची चकाकी व्हिट्रिअस. आमच्या चहाच्या मगावरचा पांढरा इनॅमलचा थरही व्हिट्रिअस, कारण तो भट्टीत वितळून काचेसारखा बसलेला असतो. डोळ्यात बुबुळाच्या मागे जो रस असतो तोही व्हिट्रिअस. "यातल्या कशालाही आपण काच म्हणत नाही," मास्तर म्हणाले आणि माझा चहा निवून गेला.

पुढे कळलं की ही दीक्षा शाळेतल्या शिपायापासून स्टेशनमास्तरांपर्यंत सगळ्यांना मिळाली होती. एकदा किराणा दुकानात भाजे गावचे एक आबा कागदात काहीतरी निळं बांधून घेत होते. मास्तरांनी त्यांना थांबवलं.

"आबा, काय आहे ते?"

"मोरचूद. बैलाच्या खुराला."

"याचं इंग्रजी नाव व्हिट्रिऑल. का माहीत आहे? खडा काचेसारखा दिसतो म्हणून. मूळ शब्द एकच."

आबांनी पुडी उघडून खडा पाहिला, मास्तरांकडे पाहिलं. "आसंल मास्तर. पन बैल लय लंगडतोय. त्याला नावाचं काय बी न्हाई." आणि ते निघून गेले. मास्तरांना राग आला नाही. उलट दिवसभर ते आम्हाला सांगत होते की माणूस शब्द ऐकून न घाबरता आपल्या कामाला गेला, असं असावं.

आम्ही त्यांना हसायचो. ते मधल्या सुट्टीत आमच्यात न बसता रोज घाईघाईनं घरी जात, त्यालाही हसायचो. माणूस चिकट आहे, घरी जाऊन एकटा खातो, असं आमचं मत होतं.

मग शाळा तपासायला साहेब आला.

गोरा इन्स्पेक्टर, उंच, घाईतला. मॅट्रिकच्या वर्गात त्याने एका मुलाला धडा वाचायला लावला. त्यात नेमका तो शब्द. साहेबाने अर्थ विचारला. मुलगा म्हणाला, काचेसारखं. साहेब म्हणाला, म्हणजे आरपार दिसणारं. मुलाने त्र्यंबक मास्तरांकडे पाहिलं. मागच्या भिंतीशी हेडमास्तर आणि मी उभे होतो.

"नो सर," त्र्यंबक मास्तर म्हणाले.

पुढचं सगळं इंग्रजीत झालं. मास्तर म्हणाले, आरपार दिसणं हा त्याचा अर्थ नव्हे. आपण उतरला आहात त्या खंडाळ्याच्या बंगल्यात न्हाणीघराला पांढऱ्या फरशा आहेत. त्यांची झिलई व्हिट्रिअस आहे. त्यांतून पलीकडचं दिसत नाही, आणि दिसत नाही हे बरंच आहे.

साहेबाचा चेहरा लाल झाला. "तुम्ही मला इंग्रजी शिकवता?"

"नाही सर. मी लॅटिन सांगतोय. ते आपल्या दोघांनाही परकंच."

इथे थांबले असते तरी निभावलं असतं. हेडमास्तरांनी हातानं थांबायची खूण केली होती. मास्तरांनी ती पाहिली आणि पुढे बोलले. ते म्हणाले, रोमन लोक एका झाडाच्या पाल्याच्या निळ्या रंगालाही व्हिट्रमच म्हणत. त्या काळी ब्रिटनमधले आपले पूर्वज, सर, तो रंग अंगाला फासून लढाईला उभे राहत. तेव्हा या शब्दाशी आपलं नातं जुनं आहे, सर. तो आपण नीट वापरावा.

वर्गात कोणी हसलं नाही. साहेबाने टोपी उचलली आणि तो निघून गेला.

आठवड्यात कागद आला. शिक्षक उद्धट आहे, त्याने लेखी माफी मागावी, नाहीतर शाळेच्या सरकारी मदतीचा विचार करावा लागेल. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतःच माफीचा मसुदा लिहिला, अगदी तीन ओळींचा. मास्तर म्हणाले, "सही करणार नाही." संस्थेचे चिटणीस येऊन गेले. मास्तर त्यांनाही तेच म्हणाले. "तुमची नोकरी जाईल," चिटणीस म्हणाले. "नोकरी गेली तर अर्थ बदलेल का?" मास्तरांनी विचारलं.

शेवटी हेडमास्तरांनी तो कागद माझ्या हाती दिला. "तुमचं ते ऐकतात. घरी जाऊन बघा."

मी गेलो तेव्हा मास्तर बाजारात गेले होते. मागच्या पडवीत मास्तरांच्या पत्नी, काकू, वाल सोलत बसल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. मी पायरीशी उभा राहिलो तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

"कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

तेव्हा कुठे मला समजलं. मी नाव सांगितलं.

"गणितवाले होय? बसा. मला दिसत नाही हे यांनी सांगितलं नसेलच. कुणाला सांगत नाहीत. दुपारी येऊन मला वाढून जातात."

मी कशासाठी आलो ते सांगितलं. त्यांनी सुपातले वाल बाजूला सारले.

"सहा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "डोळ्यापुढे काळं यायला लागलं म्हणून पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ते भराभर इंग्रजीत सांगत होते, हे मान हलवत होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? तर म्हणाले, विशेष काही नाही. गाडी मळवलीला आली तेव्हा बोलले. म्हणाले, त्यांनी एक शब्द वापरला, तो मला आला नाही. त्याच्याशीच अडकलो आणि पुढचं ऐकलंच नाही. इंग्रजीचा मास्तर ना मी, विचारायची लाज वाटली."

"आणि पुढचं?"

"पुढे सांगितलं होतं की डोळ्याच्या आतल्या त्या काचेसारख्या रसात रक्त उतरतंय. पडून राहायचं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. ते दोन महिन्यांनी परत गेलो तेव्हा कळलं. तोवर मी पाट्यावर वाटत होते, विहिरीचं पाणी ओढत होते. आधी कळलं असतं तरी दृष्टी राहिली असती असं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मीही हजारदा सांगितलं. पण एवढं एक वाक्य यांना ऐकूच येत नाही."

मी खिशातला कागद काढला.

"तो माफीचा कागद वाचा बघू," त्या म्हणाल्या.

मी वाचला. दुसरी ओळ होती, 'शब्दाचा अर्थ सांगण्यात माझी चूक झाली.'

"ही ओळ काढा. पाहुण्याला पूर्वजांवरून बोलले, त्याची माफी ते मागतील, मी मागायला लावीन. अर्थाची मागायची नाही."

तेवढ्यात मास्तर आले. त्यांनी मला पाहिलं, कागद पाहिला, काकूंकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. भांडण झालं नाही. काकूंनी सांगितलं, मास्तरांनी लिहिलं. 'ज्या स्वरात बोललो त्याबद्दल दिलगीर आहे. अर्थ सांगितला तोच आहे.' दुसऱ्या दिवशी हेडमास्तर शेवटचं वाक्य खोडू म्हणाले, तेव्हा पाकीट चिकटेपर्यंत मास्तर टेबलासमोरून हलले नाहीत.

साहेबाचं उत्तर आलं नाही. शाळेची मदत चालू राहिली. मास्तरांच्या नावापुढचा शेरा मात्र कायम राहिला आणि त्यांना बढती कधीच मिळाली नाही. पुढे मी त्यांच्या वर गेलो. त्यांनी माझं अभिनंदन केलं आणि मी आभार मानताना वापरलेला एक इंग्रजी शब्द सुधारला.

त्यानंतर मी त्यांच्याकडे वरचेवर जाऊ लागलो. एकदा दिवाळी आठवड्यावर आली असताना आम्ही तिघं संध्याकाळी पडवीत बसलो होतो. मास्तर काकूंना समोरचं एकेक सांगत होते. रस्त्याने कोण चाललंय, टांग्यात किती माणसं आहेत, कुणाच्या गाईला वासरू झालंय.

"आणि भात?" काकूंनी विचारलं.

"हिरवं आहे."

"हिरवं कसं असेल? दिवाळी आली. पिवळं पडलं असणार. नीट बघा."

मास्तरांनी नीट पाहिलं. मीही पाहिलं. त्या वर्षी पाऊस लांबला होता. या बांधापासून त्या बांधापर्यंत शेत हिरवंगार होतं.

"हो गं," मास्तर म्हणाले. "वरच्या अंगाला पिवळं पडायला लागलंय."

"मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंस," मास्तर म्हणाले.