घंटेनंतरची गळती

कोणतीही गोष्ट लोकप्रिय करायची असेल, तर ती ज्यांना आधीपासून आवडते अशा लोकांना प्रथम बाजूला करावं लागतं. ही माणसं अडचणीची असतात. त्यांना ती गोष्ट आहे तशीच हवी असते, आणि शिवाय ती न बोलावता येतातच, त्यामुळे त्यांच्यासाठी काही करण्याचं कारण उरत नाही. व्यावसायिक मुष्टियुद्ध महामंडळाने हे सत्य वेळीच ओळखलं आणि ‘सामान्य प्रेक्षक आकर्षण समिती’ नेमली. मी या समितीचा चिटणीस. पुढची हकिकत अभिमानाने सांगतो आहे.

समितीत आम्ही चौघे होतो. अध्यक्ष, जाहिरातवाले, मी आणि सामान्य प्रेक्षकांचे प्रतिनिधी म्हणून अध्यक्षांचे मेहुणे. मेहुण्यांची निवड रीतसर मुलाखत घेऊन झाली. उमेदवाराने मुष्टियुद्धाचा एकही सामना पाहिलेला नसावा, अशी अट होती. मेहुण्यांनी अर्धा पाहिला होता, पण त्यात ते झोपले होते (तसं प्रमाणपत्र त्यांच्या पत्नीने, म्हणजे अध्यक्षांच्या सख्ख्या बहिणीने दिलं). पात्रतेचा प्रश्न तिथेच मिटला.

पहिल्याच महिन्यात समितीने पाहणी केली. मुष्टियुद्ध कधीही न बघणाऱ्या एक हजार एकशे चौदा नागरिकांना तीन सामने दाखवले आणि प्रत्येकाच्या हातात एक बटण दिलं. कंटाळा आला की दाबायचं. सामन्याआधी वजन करताना दोन्ही खेळाडू एकमेकांच्या अंगावर धावून जातात, तेव्हा दोन टक्के लोकांनी ते दाबलं. खेळाडू चमचमता झगा घालून रिंगमध्ये येतो, तेव्हा तीन टक्के लोकांनी दाबलं. दोघे नाकाला नाक लावून खाऊ की गिळू असं बघत उभे राहतात, तेव्हा कुणीही दाबलं नाही (एका गृहस्थांनी दाबलं, पण त्यांना चहा हवा होता). घंटा वाजून प्रत्यक्ष सामना सुरू झाल्यावर ते दाबणारे निघाले ऐंशी टक्के.

जाहिरातवाल्यांनी या प्रकाराला ‘घंटेनंतरची गळती’ असं नाव दिलं. त्याचा उलगडा मेहुण्यांनी केला. भांडण कुठवर आलंय ते आपल्याला कळतं, मारामारी कुठवर आलीय ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यातून एखादा खेळाडू मागे मागे सरकू लागला, तर तो डाव टाकतोय की घाबरलाय हे घरात कुणाला तरी विचारावं लागतं, आणि घरात ते कुणालाच ठाऊक नसतं. सभेने त्यांचे आभार मानले.

मग सुधारणा सुरू झाल्या. रिंगमध्ये येण्याचा वेळ चाळीस सेकंदांवरून बावीस मिनिटांवर नेला. धूर सोडला, तो पंचांच्या घशात गेला, तेव्हा पंच बदलले. फेऱ्या बाराच्या आठ केल्या, आठाच्या चार केल्या. तरी गळती थांबेना. उलट एका सामन्यात नवव्या सेकंदाला एक खेळाडू आडवा झाला, आणि तेव्हा आपण चष्मा पुसत होतो अशी मेहुण्यांनी लेखी तक्रार केली. सामना लांबला तर लोक कंटाळतात आणि लवकर संपला तर चुकतो. शांत डोक्याने विचार केला, तर दोन्ही तक्रारींचं मूळ एकच दिसत होतं, ते म्हणजे सामना.

त्यानुसार ठराव क्रमांक सतरा एकमताने झाला. विजेतेपद यापुढे नजरानजर आणि शाब्दिक चकमक यांवरून, प्रेक्षकांच्या मतांनी ठरेल. ठोसेबाजी ऐच्छिक राहील. जुन्या प्रेक्षकांनी हरकत घेतली, ती पूर्वग्रहदूषित म्हणून दप्तरी दाखल केली. आमच्या कामात असा रोष पत्करावाच लागतो.

हा ठराव पहिल्यांदा लागू झाला तो डावखुऱ्याच्या लढतीला. त्याला सगळे डावखुराच म्हणतात. दिवसा तो लिफ्ट दुरुस्त करतो, आणि सकाळ-संध्याकाळ एका बंद पडलेल्या गोदामात पोत्यावर ठोसे मारतो. विजेतेपदाच्या लढतीची त्याने नऊ वर्षं वाट पाहिली होती. महामंडळाच्या नियमाने छत्तिसावं लागलं की परवाना रद्द होतो, आणि त्याला छत्तिसावं लागायला पाच आठवडे उरले होते. म्हणजे ही त्याची पहिली संधी आणि शेवटचीही. समोर विजेता होता ‘वादळ’, ज्याची जीभ हातापेक्षा जोरात चालते हे सर्वमान्य होतं.

डावखुऱ्याची अडचण अशी की तो मुलखाचा लाजाळू. नजरेला नजर भिडवली की त्याला हसू यायचं. समितीने उदार मनाने त्याला एक प्रशिक्षिका दिली. या बाई एका मोठ्या गृहसंकुलाच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून सलग अकरा वर्षं भांडल्या होत्या (टाकी अखेर दुरुस्त झाली, तेव्हा त्या निवृत्त झाल्या). त्यांनी त्याला कमरेवर हात ठेवायला शिकवलं, समोरच्याचं बोलणं मधेच तोडायला शिकवलं, मागच्या पिढ्यांपर्यंत जायला शिकवलं. मग समितीसमोर त्याची तोंडी चाचणी झाली.

“वादळबद्दल वाईट बोल,” बाई म्हणाल्या.

डावखुऱ्याने बराच विचार केला. “माणूस चांगला आहे हो तो. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त द्यायला आला होता.”

तीन आठवड्यांच्या मेहनतीनंतर त्याची मजल “तुमचं जरा चुकतंच” इथवर गेली. बाईंनी कपाळाला हात लावला. त्याच्या कोचने, एका कानाने ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्याने, मला बाजूला घेऊन विचारलं की पोरगा नुसता खेळला तर नाही का चालणार. मी त्याला नियम वाचून दाखवला. मुद्दाम चांगल्या कानाच्या बाजूने वाचला.

लढत दुपारी चारला ठेवली होती. सहा हजार लोक आले, त्यातले पाच हजार पहिल्यांदाच. वादळच्या आगमनाला बावीस मिनिटं लागली. डावखुरा दोन मिनिटांत चालत आला, आणि येताना त्याने वाटेतल्या सफाईवाल्या मावशींना ‘बसा, बसा’ म्हटलं. नजरानजर सतरा मिनिटं चालली. वादळने त्याच्या लिफ्टवर, नाकावर आणि वयावर असे काही शेरे मारले की मागच्या रांगेतली माणसंही खुर्चीवर चढली. डावखुरा हसला. मतदानात वादळला एक्याण्णव टक्के मतं मिळाली. विजेतेपदाचा पट्टा दिला, चमकी उडाली आणि पार्किंगची रांग चुकवायला लोक निघाले. दहा मिनिटांत सभागृह रिकामं झालं. समितीच्या दृष्टीने हा तोवरचा सर्वांत यशस्वी कार्यक्रम होता.

किल्ल्या माझ्याकडे असल्याने मी मागे थांबलो. डावखुरा ग्लोव्हज घालून अजून त्याच्या कोपऱ्यात उभा होता.

“मग आता खेळायचं ना?” त्याने वादळला विचारलं.

वादळने खांद्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं, रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग त्याने पट्टा स्टुलावर काढून ठेवला आणि ग्लोव्हज बांधून घ्यायला हात पुढे केले. पंचांची गाडी पार्किंगमध्ये अडकली होती, ते परत आले. बारा फेऱ्या खेळायचं ठरलं, जुन्या नियमाने. बघायला डावखुऱ्याची बायको, दोन सफाईवाल्या मावशी आणि मी. कोच घंटेपाशी गेला, तेव्हा डावखुरा दोरावरून माझ्याकडे वाकला.

“साहेब, हे लिहाल ना? कोणी का जिंकेना, पण काय झालं ते लिहा.”

मी लिहितो म्हणालो. घंटा वाजली.

त्या बारा फेऱ्यांत मी दोनदा उभा राहिलो आणि एकदा रडलो (चिटणिसाच्या कर्तव्यात हे बसत नाही). घरी जाऊन मी सहा पानं लिहिली. प्रत्येक फेरी लिहिली, पंचांनी शेवटी कुणाचा हात वर केला तेही लिहिलं. इतकं मनापासून मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही.

महामंडळाचं कोणतंही लिखाण छापण्यापूर्वी वीस सामान्य वाचकांना दाखवण्याची पद्धत आहे. तशी ही हकिकतही दाखवली. मेहुणे सगळ्यांना आवडले, टाकीच्या बाई फारच आवडल्या. घंटा वाजली, त्या ओळीपाशी मात्र वीसपैकी अठरा जणांनी कागद खाली ठेवला. म्हणून ती सहा पानं काढून टाकली आहेत. आपण तिथून इथवर एका दमात आलात, तेव्हा निर्णय योग्यच होता असं दिसतं. डावखुऱ्याला मी तसं कळवतो.