बोलता येणारे नाना

नानांना बोलता येतं, हे फक्त तिघांना ठाऊक आहे. स्वतः नानांना, त्यांच्या डॉक्टर मित्राला आणि मला.

गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांची वाचा गेली. महिन्याभरात ती परत आली, पण तोवर मुलं त्यांच्या उशाशी बसून बंगल्याच्या वाटण्या करायला लागली होती. म्हाताऱ्याला काही कळत नाही, ही त्यांची समजूत. नानांनी ती मोडली नाही. मला म्हणाले, “मेश्रामराव, माझ्या तिघा मुलांपैकी एक जण तरी बंगला सोडून माझ्याशी काही बोलतो का, बघू. बोलला की मीही बोलेन. तोवर तुम्ही तोंड उघडायचं नाही.”

मी कशाला उघडतोय? नववीत शाळा सोडलेला, भंडाऱ्याहून प्रभात रोडवर येऊन पडलेला माणूस. नानांची उठबस करायचं हे काम गेलं तर दुसरं कोण देणार, ही धास्ती रोजची. शिवाय मला ताप चढला तेव्हा नानांनी डॉक्टरांना स्वतःच्या आधी मला तपासायला लावलं होतं. असा मालक मिळतो कुठे?

संध्याकाळी दार लावून आम्ही टीव्हीवर एक मालिका बघायचो. करोडपती म्हातारा, त्याच्या मरणाची वाट बघणारी मुलं, आणि सगळं हसतखेळत. नानांना ती फिकी वाटायची. “यांच्याकडे म्हाताऱ्याला निदान विष तरी घालतात. आमच्याकडे नुसती टेप.” त्या दिवशी धाकट्यांनी खरंच गॅलरी मोजली होती आणि टेपचं दुसरं टोक मला धरायला लावलं होतं. थोरले तेव्हा पलंग ठोकून बघत होते, सागवानी आहे का म्हणून. नाना पलंगावरच. मला हसू आवरेनासं झालं की मी बेडपॅन उचलून बाहेर जायचो. रिकामं असलं तरी.

मुलं गेली की नानांचं परीक्षण. “थोरला रडतो छान, पण घड्याळ बघून. धाकट्याला आवाज आहे, अक्कल नाही.” मुलीबद्दल मात्र एक शब्द नाही. सुजाताताई भावांबरोबर यायच्या, आपल्या हिश्शाचं बोलून जायच्या.

गणपतीनंतर एका गुरुवारी त्या एकट्याच आल्या. मी उठलो तर म्हणाल्या, बसा दादा. नानांचा हात हातात घेऊन सांगू लागल्या. नवऱ्याचं घर सोडलंय, वाघोलीला एका खोलीत राहतात, भावांना कळलं तर हसतील, एकटीला भीती वाटते. नानांचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलणार.

“बाबा, तुम्हाला कळत असतं ना, तर मी हे कधीच सांगू शकले नसते,” ताई म्हणाल्या.

नानांनी ओठ मिटले. डोळ्यांतून पाणी आलं, ते ताईंनी ओढणीनं टिपलं. “दादा, यांच्या डोळ्यांना पाणी येतंय. डॉक्टरांना दाखवून घ्या.”

त्या गेल्यावर मी म्हटलं, नाना, त्या बोलल्या की तुमच्याशी. आता काय अडलंय?

“तिचं ऐकलंत ना?” नाना म्हणाले. “आता बोलायची सवयच मोडायला हवी. नाहीतर एखाद्या दिवशी तोंडातून निघून जायचं.”

ताई आता दर गुरुवारी येतात. नाना माझ्याशीही बोलत नाहीत. शिव्या तरी घालतील म्हणून परवा मी त्यांच्या चहात मुद्दाम चिमूटभर मीठ टाकलं. एक घोट घेऊन नानांनी माझ्याकडे बघितलं आणि सगळा कप संपवला.