न्हाणीघराच्या दारावरचा क्वार्क

कल्पना करा, मुलांनो, की तुम्ही एका अरुंद बोळात उभे आहात. डावीकडे न्हाणीघराचं दार, उजवीकडे झोपायच्या खोलीचं. दोन्ही दारं आतल्या बाजूला उघडणारी आणि दोन्हींच्या मुठींना मिळून एकच जाड रबरी दोरी अडकवलेली. ती आता तारेसारखी ताणली गेली आहे, कारण दोन्ही दारांमागून मोठी माणसं जोर लावून ओढताहेत. आणि ती दोरी तिथं तुम्ही अडकवली आहे. काय कराल? मुंगीलाही तेच कळत नव्हतं.

मुंगी हे तिचं घरातलं नाव. वय दहा, अंगानं एवढीशी आणि सदान्‌कदा काहीतरी ओढून कुठंतरी नेत असायची, म्हणून मुंगी. उजवीकडच्या दारामागे तिचे बाबा होते. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. डावीकडच्या दारामागे होती आत्या, आणि खरी भीती त्या बाजूला होती. कारण आत्या नुसती आत्या नव्हती, मुंगीच्या शाळेतली विज्ञानाची बाई होती. घरात तिला ‘अगं आत्या’ म्हणायचं आणि शाळेत ‘अहो बाई’. घाबरली की मुंगीचा घोटाळा व्हायचा आणि ती जेवतानासुद्धा ‘बाई, मीठ देता का’ असं म्हणून जायची.

त्या दिवशी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि बाईंचा नियम एकच होता. मोडलेली, गळकी किंवा तुटलेली वस्तू टेबलावर राहणार नाही. मागच्या वर्षी एका मुलाच्या पवनचक्कीचं पातं गळून पडलं, तर त्याच्या आईवडिलांच्या देखत बाईंनी ती पवनचक्की उचलून कपाटात ठेवली होती. तेव्हापासून मुंगीला स्वप्नात ते कपाट दिसायचं.

मुंगीला प्रोटॉन करायचा होता. तो कसा असतो हे आत्यानंच जेवणाच्या टेबलावर समजावलं होतं. मिठाचा एक कण घ्यायचा, मनातल्या मनात फोडत जायचं. आत अणू, अणूच्या पोटात केंद्रक, केंद्रकात प्रोटॉन आणि प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क. दोन ‘अप’ जातीचे, एक ‘डाउन’ जातीचा. बाबा म्हणाले, म्हणजे लिफ्टच की. आत्या पुढे सांगत राहिली. अपवर दोन-तृतीयांश विद्युतभार, डाउनवर उणे एक-तृतीयांश. तिघांची बेरीज केली की बरोबर एक येतो. शिवाय प्रत्येकाला एक रंग, लाल, हिरवा नाहीतर निळा. पण तो खरा रंग नव्हे, विद्युतभारासारखाच एक गुण, त्याला नाव तेवढं रंगाचं.

“खरा रंग नाही, तर मग पोरीला लाल डबा कशाला आणायला लावलास?” बाबांनी विचारलं.

“तुला दिसावं म्हणून,” आत्या म्हणाली.

मग तिनं सगळ्यात नवलाची गोष्ट सांगितली. क्वार्क एकमेकांजवळ असले की मोकळे असतात. त्यांना लांब ओढायला जा, ओढ सुटत नाही, सैल पडत नाही. म्हणून एकटा क्वार्क आजवर जगात कुणी पाहिलेला नाही. आणि हट्टानं ओढतच राहिलं तर? तर त्या ओढण्यात एवढी ऊर्जा साठते की तिच्यातूनच नवी जोडी जन्माला येते, एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क. दुवा तुटला तरी दोन्ही टोकांना लगेच सोबती मिळतो. हे ऐकून मुंगीला बरं वाटलं होतं. तिला एकटं राहिलेलं काहीच आवडायचं नाही.

बाबांनी लाकडाचे गोळे करून दिले. लागणार होते तीन, त्यांनी केले पाच. लिफ्टच्या धंद्यात राखीव माल ठेवल्याशिवाय कुणी काम सुरू करत नाही, असं त्यांचं म्हणणं. गोळे ओवायला शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक त्यांनी दोनदा ओढून पाहिलं आणि नापास केलं. दुसऱ्या दिवशी कामावरून बोटाएवढी जाड रबरी दोरी घेऊन आले. हिला माणूस लोंबकळला तरी काही होणार नाही, म्हणाले. प्रोटॉनला कोण लोंबकळणार आहे, असं आत्यानं विचारलं, तर ते म्हणाले, ते आधी कधीच सांगता येत नाही.

आणि ते खरं ठरलं.

प्रदर्शनाच्या सकाळी आई नेहमीसारखी पहाटेच बेकरीत कामाला गेली होती. मुंगीनं दोरीत ओवलेल्या तीन गोळ्यांना रंगाचा शेवटचा हात दिला. ओला रंग खाली ठेवायचा नाही, टांगायचा, ही बाबांचीच शिकवण. बोळातल्या दोन मुठींमधलं अंतर अगदी दोरीएवढं होतं. लाल गोळ्याकडचा फासा न्हाणीघराच्या मुठीला, निळ्याकडचा झोपायच्या खोलीच्या, आणि मधे हिरवा. मुंगी लांबून बघत राहिली. इतकी छान गोष्ट तिनं आधी कधी केली नव्हती.

तेवढ्यात बाबांनी आतून दार ओढलं. ते वीतभर उघडलं आणि परत गेलं. दार अडकलंय असं वाटून त्यांनी जोर केला. त्याच वेळी आत्यानं न्हाणीघराचं दार ओढलं, तेही वीतभर आलं आणि थांबलं. मुंगी फासा सोडवायला धावली. पण दोरी ताणली गेली होती तशी गाठही आवळली होती. लिफ्टवाल्याची गाठ, वजन पडलं की घट्ट होणारी.

बाबांना फटीतून दोरी दिसली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. ताणलेली दोरी सुटली की कान घेऊन जाते, हे त्यांनी मुंगीला हजारदा सांगितलं होतं.

“मुंगे, मागे हो. भिंतीला चिकट. मी धरून ठेवलंय, सोडत नाही.”

“बाबा, तुम्ही सोडा. म्हणजे ती सैल पडेल.”

“सोडली आणि तुझ्या तोंडावर बसली तर?”

त्यांनी आणखी घट्ट धरलं. तिकडे न्हाणीघराचं दार थाडथाड हलत होतं. मुंगी वाट बघत होती, आता बाई ओरडतील, आता कपाटाचं नाव काढतील. पण आतून ओरडणं येईना. आला तो एक बारीकसा आवाज, मुंगीनं कधीच न ऐकलेला.

“दार उघड गं. कुणीतरी दार उघडा.”

मुंगी जागच्या जागी थिजली. आत्या न्हाणीघराला कधीच कडी लावत नसे. विसरते, असं सगळे समजायचे. आत असली की मोठ्यानं पाढे म्हणायची, म्हणजे बाहेरच्याला कळावं. आता मुंगीला समजलं की ते विसरणं नव्हतं. आपल्याला आत्याची जेवढी भीती वाटते, तेवढीच आत्याला बंद दाराची वाटते. आणि ते दार आपण बंद केलंय.

तिनं फटीला तोंड लावलं. फटीतून साबणाचा वास येत होता आणि धापा टाकल्याचा आवाज.

“बाई,” ती म्हणाली, आणि या वेळी तो घोटाळा नव्हता, “क्वार्क जवळ असले की काय होतं?”

दाराचं हलणं थांबलं.

“मोकळे असतात,” आत्या म्हणाली.

“आणि लांब ओढले की?”

“ओढ सुटत नाही.”

“मग दार लोटा ना. तुम्ही लोटा, बाबाही लोटतील. दोरी सैल पडली की मी फासा काढते.”

“मला माहीत आहे,” आत्या म्हणाली. “मीच शिकवलंय ते. पण मुंगे, दार लावणं मला नाही जमणार.”

“ताई, मी इकडून लोटतो, तू घाबरू नकोस,” बाबांनी हाक दिली आणि भीतभीत बोटभर सैल केलं. ते बोटभर आत्याचं दार उघडलं. सुटलो, असं वाटून तिनं सगळी ताकद लावून ओढलं. दोरी कुईकुई करू लागली, बाबांनी पुन्हा गच्च धरलं. हिरवा गोळा थरथरायला लागला. मुंगीनं डोळे मिटले.

म्हणून न्हाणीघराच्या फटीतून बाहेर आलेला हात तिला दिसला नाही. त्या हातात बाबांची मिशा कापायची कात्री होती.

आवाज मोठा झाला. बाबा मागच्या मागे पलंगावर जाऊन पडले. न्हाणीघरात बादली उलथली. कान मात्र सगळ्यांचे जागेवर राहिले.

आत्या बाहेर आली. साडी कशीतरी गुंडाळलेली, केसांत साबणाचा फेस आणि हातात लाल गोळा, मागे दोरीचं शेपूट लोंबणारा. बाबा कंबर धरत दाराशी आले. त्यांच्या दाराच्या मुठीला हिरवा आणि निळा लटकत होते.  सगळ्यांना नियम आठवत होता आणि नियम करणारीच्या हातात कात्री होती.

“मी मुख्याध्यापकांशी बोलते,” आत्या शेवटी खाली बघत म्हणाली. “तुझ्यापुरता अपवाद करू. चूक माझी आहे.”

मुंगी लाल गोळ्याकडे बघत होती.

“आत्या, हे चालणार नाही.”

“अगं, म्हटलं ना अपवाद करू.”

“तसं नाही. तुझ्या हातात एकटा क्वार्क आहे. एकटा कुणी पाहिलेलाच नाही.”

आत्यानं हातातल्या गोळ्याकडे पाहिलं. आधी तिचे खांदे हलले, मग ती भिंतीला टेकून हसायला लागली. हसता हसता साबण डोळ्यांत गेला आणि मग ती हसतेय की रडतेय, ते बाबांना सांगता येईना.

“बाबा, राखीव गोळे द्या,” मुंगी म्हणाली.

बाबांनी ते दिले, खिशातूनच. मुंगीनं एक लाल रंगवायला घेतला, हिरव्या-निळ्याच्या तुटलेल्या टोकाला बांधायला. दुसऱ्यासाठी तिनं हिरवा आणि निळा रंग मिसळला. तो होता प्रतिलाल, म्हणजे लालच्या उलट रंगाचा प्रतिक्वार्क, आत्याच्या हातातल्या गोळ्याचा सोबती. प्रदर्शनात खाली लावायच्या पाटीवर ‘प्रोटॉन’च्या पुढे लिहायला तिनं नवे शब्द मनात तयार ठेवले: ‘खूप ओढल्यानंतर’.

आत्याला केस धुवायला परत आत जायचं होतं. ती दारापाशी घुटमळली.  मुंगीनं रंगाचे डबे उचलले, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बाहेर तोंड करून बसली, मिटू पाहणाऱ्या दाराला पाठ लावून ते वीतभर उघडं धरलं, आणि ब्रश बुडवून प्रतिलाल गोळा रंगवू लागली. आतून पाण्याचा आवाज आला आणि मग, थोड्या वेळानं, सतराचा पाढा.